कुंदाबाईंचं सिमेंट

चोपड्याच्या बसस्टँडमागे डॉ. अभिमन पाटलांचा दातांचा दवाखाना होता. कुंदाबाई तायडे तिथे पहिल्यांदा आल्या त्या फरशी पुसायला. साल होतं दोन हजार तीन. कुंदाबाईंचं वय तेव्हा चोवीस. माहेर धरणगावचं, वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. दहावीला विज्ञानात बाहत्तर मार्क पडले होते आणि नर्स व्हायचं मनात होतं, पण एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं आणि ते मनातच राहिलं. नवरा सुपडू एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. माणूस हसरा, बायकोच्या आड न येणारा. दवाखान्यात बाई हवी आहे हे त्यानेच कुठूनतरी ऐकून आणलं होतं.

तीन महिने त्यांनी फरशी पुसली, भांडी उकळली, पेशंटला चूळ भरायला पेला दिला. मग एका सोमवारी कंपाउंडर आला नाही. डॉक्टरांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात, कॅप बसवायची तयारी झालेली, आणि सिमेंट मळायला कोणी नाही. त्यांनी मान न वळवताच विचारलं, "कुंदाबाई, साखरेचा पाक करता येतो का?"

येतो म्हणाल्यावर डॉक्टर म्हणाले, मग हेही येईल. काचेच्या जाड पाटीवर पावडर घ्या, बाजूला लिक्विडचे थेंब टाका, पावडर थोडी थोडी ओढत सगळ्या काचेवर फिरवून मळा. मळताना ते तापतं, आणि तापलं की लवकर घट्ट होतं, म्हणून जागा मोठी वापरायची. चपटी पळी वर उचलली की बोटाच्या पेराएवढी तार आली पाहिजे. एकतारी पाक. त्याहून पातळ राहिलं तर कच्चं, त्याहून घट्ट झालं तर कॅप नीट खाली बसत नाही.

कुंदाबाईंनी मळलं, पळी उचलली, तार आली. डॉक्टरांनी बघितलं, कॅपमध्ये भरलं आणि बसवली. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाले की उद्यापासून फरशीला दुसरी बाई बघू.

त्या दिवसापासून सिमेंट कुंदाबाईंकडे आलं ते आलंच. डॉक्टरांची एक पद्धत होती. कॅप बसवली की काचेवर उरलेल्या सिमेंटची हरभऱ्याएवढी गोळी करून बाजूला ठेवायची. ती नखाने दाबून बघायची. गोळी कडक झाली म्हणजे तोंडातलंही झालं असं समजायचं आणि मगच पेशंटला उठू द्यायचं. पेशंट गेला की गोळी कचऱ्यात.

एकदा हातात अशी गोळी घेऊन कुंदाबाईंनी विचारलं, साहेब, हे तोंडात किती वर्षं टिकतं? तिथे तर चोवीस तास ओलच असते. घराच्या भिंतीला ओल लागली तर प्लॅस्टर सुटतं, मग हे कसं सुटत नाही?

डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून बसले. "सुटतं. हळूहळू विरघळतं. पुस्तकात दहा-पंधरा वर्षं लिहिलंय," ते म्हणाले. "पण पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या हवेत मळलेलं नसतं. इथलं इथेच बघायला पाहिजे."

कुंदाबाईंनी ते शब्दशः घेतलं. भुलीच्या इंजेक्शनची रिकामी बाटली धुतली, तिच्यात पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत चांगली कडक झालेली गोळी टाकली, रबराचं झाकण लावलं आणि बाहेरून चिकटपट्टीवर तारीख लिहिली. पुढच्या महिन्यात आणखी एक. मग नियमच झाला. दर महिन्याच्या पहिल्या कॅपची गोळी बाटलीत जायची. कुठलं सिमेंट, तेही चिकटपट्टीवर लिहायचं. जुनं झिंकचं असेल तर 'झि', नंतर आलेलं काचेच्या पावडरीचं असेल तर 'का'. बाटल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आणि डबे बेसिनखालच्या कपाटात. वर्षातून दोनदा सगळ्या बाटल्या काढून पाणी बदलायचं, गोळ्यांकडे नजर टाकायची, पुन्हा आत. डॉक्टर बघायचे आणि हसायचे, पण फेकून द्या असं कधी म्हणाले नाहीत.

एका उन्हाळ्यात तर या बाटल्यांमुळे डॉक्टरांना पुस्तक उघडावं लागलं. एका 'का' बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं आणि खानदेशचा मे महिना. पाणी पार उडून गेलं. आतल्या गोळीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गेले होते. शेजारच्या पाणी असलेल्या बाटलीतली त्याच वयाची गोळी मात्र गुळगुळीत. कुंदाबाईंनी विचारलं की हे उलटंच कसं, पाण्यात आहे ते धड आणि कोरडं आहे ते फुटलं? दुसऱ्या दिवशी डॉक्टर वाचून आले. म्हणाले, बाई, तुमचं बरोबर आहे. हे सिमेंट ओलं असताना त्याला पाणी लागू द्यायचं नाही, लागलं तर वरचा थर धुऊन जातो. पण एकदा मुरलं की त्याला पाणी लागतंच, नाहीतर ते तडकतं. तेव्हापासून त्या सिमेंटची कॅप बसवली की तिच्या कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवण्याचं काम कुंदाबाईंकडे आलं. हे त्यांनी घरी सुपडूला सांगितलं तर तो म्हणाला, माणसाच्या लहान लेकराचं आणि म्हाताऱ्याचं वेगवेगळं बघावं लागतं तसंच आहे की.

अशी वीस वर्षं गेली. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी दवाखाना मुलीच्या हाती दिला. चारुलता पुण्याला शिकून आली होती. कुंदाबाईंनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं, पेशंटच्या खुर्चीत बसून वरखाली करताना. त्यामुळे दोघींचं ठरलेलं होतं. पेशंटसमोर 'मॅडम', आत 'चारूताई'. ती त्यांना सगळ्यांसमोर 'मावशी'च म्हणायची.

चारुलताने दवाखाना उजळून टाकला. नवी खुर्ची, नवा दिवा, आणि एक छोटा फ्रिज. तिने सांगितलं की काचेची पाटी थंड असली की सिमेंट सावकाश घट्ट होतं, मळायला वेळ मिळतो, म्हणून पाटी फ्रिजमध्येच ठेवायची. आतापर्यंत कुंदाबाई पाटीखाली ओलं फडकं घालून काम भागवत आल्या होत्या. एप्रिलच्या चव्वेचाळीस डिग्रीत फ्रिजमधली पाटी हाती आली तेव्हा त्यांना खरंच सुख वाटलं. सिमेंट लोण्यासारखं फिरत होतं. घाई नाही, धावपळ नाही.

पहिल्या पावसाळ्यात तीन कॅप निघून आल्या. तीनच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. चिकट खाल्लं असेल, सुपारी फोडली असेल. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र श्रावण संपायच्या आत सात निघाल्या, आणि त्यातली एक लोटन आबांची, तीही तिसऱ्यांदा.

लोटन आबा तापीकाठचे केळीवाले शेतकरी. सत्तरीचे, आवाज मोठा, धोतर पांढरंशुभ्र. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले ते कॅप काडेपेटीत घालून. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सगळ्या वेटिंग हॉलला हकीकत सांगून टाकली. बैल पूजले, पंगत बसली, सुनेने खापरावरचा पुरणाचा मांडा वाढला, पहिला घास घेतला आणि दाताची टोपी मांड्यात. गिळलीच असती, पण दाताखाली खडा लागला म्हणून बोटाने काढून पाहिला.

"ताई, मन्हा बठ्ठा दात पक्का शेतस," ते चारुलताला म्हणाले, "हाऊ एकच चुकार शे. याले तू टोपी घालस, आनि हाऊ काढी फेकस."

सगळे दात पक्के आणि एकच टोपी काढून फेकणारा, यावर हॉलमधले लोक हसले. चारुलताही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने आबांना तात्पुरतं काही लावून दिलं, आठ दिवसांनी या म्हणाली, आणि ते गेल्यावर आतल्या खोलीत येऊन बसली. सिमेंटच्या कंपनीला फोन लावते म्हणाली. मग म्हणाली की नको, कॅपसाठी दात कोरून आकार देणं माझंच चुकत असेल. पुण्यात एवढं शिकून आले आणि बाबांच्या वेळच्या कॅप वीस वीस वर्षं राहतात, माझ्या वीस आठवडे राहत नाहीत.

कुंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगायची त्यांना भीती वाटत होती.

झालं असं होतं की पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी बाटल्यांचं पाणी बदललं होतं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या गोळ्या चिमट्यात धरल्या तर चिमट्याला पांढरं लागलं. नखाने खरवडलं तर खडूसारखा भुगा निघाला. त्याच वर्षीच्या एप्रिल-मेच्या गोळ्या मात्र दगडासारख्या. दहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातल्याही दगडासारख्या. पाणी तेच, बाटल्या त्याच, सिमेंटही तेच. आणि सगळ्या गोळ्या एकाच हाताने मळलेल्या, त्यांच्या स्वतःच्या. पंधरा दिवस हाच विचार त्यांना कुरतडत होता. दोष निघाला तर तो दुसऱ्या कुणाचा असणार? वयाची सत्तेचाळीस होत आली, हाताचा अंदाज गेला असेल. सुपडूला सांगितलं तर तो नेहमीसारखा हसला नाही. एवढंच म्हणाला की इंजिनात खोट माझ्या हातून राहिली असं मला कळलं तर मी गाडी रस्त्यावर जाऊ देईन का?

चारुलता डोकं धरून बसलेली पाहिल्यावर कुंदाबाईंनी बेसिनखालचं कपाट उघडलं आणि बिस्किटांचे डबे एकेक करून टेबलावर मांडले. अकरा डबे. अडीचशेला पाच-सात कमी एवढ्या बाटल्या.

"चारूताई, कंपनीला फोन नका करू," त्या म्हणाल्या. "आधी हे बघा. चूक माझ्या हाताची असेल तर तसं सांगा. मी परत फरशी पुसेन, पण लोकांच्या तोंडात असं सिमेंट नको जायला."

चारुलताने एक बाटली उचलली, चिकटपट्टीवरची तारीख वाचली. दुसरी उचलली. त्या तारखेला ती स्वतः तिसरीत होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि दुपारचे दोन तास ती त्या बाटल्यांतून उठलीच नाही. टोकदार सळईने प्रत्येक गोळी टोचून बघत होती आणि कडक, मऊ, कडक असं पुटपुटत होती. शेवटी तिने विचारलं की मावशी, मळताना काय काय करता ते आत्ता माझ्यासमोर करून दाखवा. काहीच सोडू नका.

कुंदाबाईंनी फ्रिज उघडला, काचेची पाटी काढली, टेबलावर ठेवली, स्वच्छ कापडाने पुसली आणि पावडरीची बाटली घ्यायला वळल्या. बाहेर भुरभुर चालू होती, खिडकी उघडी होती. पावडर घेऊन पुन्हा पाटीकडे पाहिलं तर काच धुरकट झालेली. गार सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसा पाटीला घाम आला होता.

"हे रोज होतं?" चारुलताने विचारलं.

पावसाळ्यात होतं, कुंदाबाई म्हणाल्या. मी पुसते, ते परत येतं. उन्हाळ्यात नाही येत.

चारुलता पाटीवर बोट फिरवून ओल्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. उन्हाळ्यात खानदेशची हवा इतकी कोरडी की पाटी कितीही गार असली तरी तिच्यावर ओल धरत नाही. पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली, ती गार काचेला लागली की पाणी होऊन बसते. ते पाणी मळताना सिमेंटमध्ये जातं, लिक्विड पातळ होतं, तार तर येते पण आतून ते कच्चं राहतं. नवीन सिमेंटला तर सुरुवातीलाच पाणी नको असतं, आणि आपण त्याला पाण्यातच मळतोय. हे सगळं तिने परीक्षेत लिहिलेलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. कॉलेजातल्या एसी प्रयोगशाळेत पाटीला कधी घाम आला नव्हता, एवढंच.

"मावशी, तुमच्या हाताची चूक नाही. फ्रिज मी आणला," ती म्हणाली. कुंदाबाई चहा ठेवायला गेल्या आणि तिथे उभ्या राहून पदराने डोळे पुसून आल्या.

पण चारुलता तेवढ्यावर थांबणारी नव्हती. ती म्हणाली, हा अंदाज झाला, आता मोजून बघू. दोघींनी मिळून झिंकच्या सिमेंटच्या चाळीस गोळ्या केल्या. वीस घाम आलेल्या पाटीवर, वीस कोरड्या पाटीवर. साचा एकच, पेनच्या रिफिलच्या टोपणाचा. प्रत्येकीचं वजन हवं होतं, तेही मिलिग्रॅममध्ये, आणि असा काटा दवाखान्यात कुठला? तेव्हा कुंदाबाईंना हिलाल सोनार आठवले. बाजारपेठेतलं दुकान, काचेच्या पेटीत ठेवलेला काटा, वाऱ्याची झुळूकसुद्धा मोजेल असा.

हिलालभाऊंनी आधी डबीतल्या गोळ्या पाहिल्या, मग डॉक्टरीणबाईंना पाहिलं. खडे समजून भिंग लावणार होते. दाताचं सिमेंट आहे म्हटल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं, पण काटा दिला. मंगळसूत्र बघायला आलेल्या दोन बायका आपलं काम विसरून तिथेच थांबल्या. हिलालभाऊ चिमट्याने एकेक गोळी ठेवत, आकडा मोठ्याने सांगत, कुंदाबाई लिहीत. अर्ध्या तासाने त्यांनाच स्फुरण चढलं. गोळी पुसून ठेवा, हवेतल्या ओलाव्याचं वजन येतंय, असं ते दटावून सांगू लागले.

तीन महिने गोळ्या पाण्यात राहिल्या. पाणी दर आठवड्याला बदललं. दिवाळी होऊन गेल्यावर त्या काढल्या, दोन दिवस सुकवल्या आणि पुन्हा हिलालभाऊंच्या काट्यावर नेल्या. या वेळी त्यांनी दुकानात आधीच दोन स्टुलं मांडून ठेवली होती. कोरड्या पाटीवरच्या गोळ्यांचं वजन जेमतेम हललं होतं. घामाच्या पाटीवरच्या गोळ्या त्यांच्या जवळजवळ तिप्पट झिजल्या होत्या. हिलालभाऊ म्हणाले की सोन्यात अशी घट आली असती तर मी दुकान बंद केलं असतं.

लोटन आबांची कॅप त्याआधीच बसली होती. फ्रिजबाहेरच्या कोरड्या पाटीवर, लिक्विडच्या बाटलीचं झाकण थेंब पडताक्षणी बंद करून, दाताभोवती कापूस दाबून, कुंदाबाईंनी एकतारी मळलं होतं. ती राहिली. आबांना त्याचा इतका आनंद की बाजाराच्या दिवशी ते नुसते दाखवायला यायचे. दारातूनच तोंड उघडायचे, बोटाने दात दाखवायचे, केळीचा एखादा फणा टेबलावर ठेवायचे आणि जायचे. त्या वर्षी दवाखान्यात केळी संपता संपली नाहीत.

फेब्रुवारीत धुळ्याला खानदेशातल्या दंतवैद्यांचा मेळावा होता. चारुलताने तिथे वीस मिनिटं मागून घेतली आणि कुंदाबाईंना सांगितलं की तुम्ही येताय. त्यांनी आढेवेढे घेतले. शेवटी निळी साडी नेसल्या, आणि दोघी अमळनेरवरून एसटीने डबे मांडीवर घेऊन धुळ्याला गेल्या. वर्कशॉपातून सुपडूने ड्रायव्हरला निरोप दिला होता की या बाईंच्या डब्यात काच आहे, खड्डे बघून चालव.

हॉलमध्ये शंभर-सव्वाशे डॉक्टर होते. चारुलताने पडद्यावर आकडे दाखवले, वीस वर्षांच्या गोळ्यांचे फोटो दाखवले, आणि हे काम कुणाचं आहे ते नावानिशी सांगितलं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा दंत महाविद्यालयातले एक वयस्कर प्राध्यापक उठले. त्यांनी सरळ बोट ठेवलं. साध्या पाण्यात ठेवणं वेगळं आणि तोंडात वेगळं, ते म्हणाले. तोंडात गरम चहा येतो, आंबट येतं, दिवसभर चावणं चालतं. बाटलीतल्या गोळीवरून तोंडातलं कसं सांगणार?

चारुलता म्हणाली की ते खरं आहे, आमचा दावा फक्त पाटीवरच्या घामापुरता आहे. प्राध्यापकांनी मान हलवली. मग पहिल्या रांगेतल्या कुंदाबाईंकडे बघून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, बाई?

कुंदाबाई उभ्या राहिल्या. हात साडीला पुसला. "सर, तोंडातलंही आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं झाली. उजवीकडची खालची दाढ. सिमेंट मीच मळलं, मोठ्या साहेबांच्या हातात दिलं आणि पळत जाऊन खुर्चीत बसले. घट्ट व्हायच्या आत पोचायचं होतं ना."

सगळा हॉल हसला. प्राध्यापक हसले नाहीत. ते पायऱ्या उतरून खाली आले, खिशातला छोटा टॉर्च काढला आणि बघू का म्हणून विचारलं. कुंदाबाईंनी तिथेच आ केला. प्राध्यापकांनी वाकून नीट पाहिलं, कॅपच्या कडेवरून नखाने चाचपलं, आणि सरळ होत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कड एकदम बंद आहे, कुठे फट नाही." मग टाळ्या झाल्या त्या जरा लांबल्याच. चारुलताने त्या वेळी वडिलांना फोन लावून धरला होता. पलीकडून अभिमन डॉक्टर काही बोलत होते, पण गलक्यात कुणाला ऐकू आलं नाही.

त्या प्राध्यापकांनीच पुढच्या महिन्यात बोलावणं धाडलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना सिमेंट मळायला शिकवायचं, दोन दुपार. कॉलेजात चाळीस काचेच्या पाट्या ओळीने मांडलेल्या, चाळीस पांढरे कोट, आणि मध्ये कुंदाबाई. त्यांनी भाषण केलं नाही. पाक किती जणांना करता येतो ते विचारलं. पाच हात वर झाले, त्यातले तीन मुलांचे. त्या पाच जणांना त्यांनी पाच टेबलांवर वाटून टाकलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या की यांच्याकडे बघून करा. मग त्या टेबलामागून टेबल फिरल्या. कुणाची पळी उचलून तार बघितली, कुणाची पाटी गालाला लावून गार किती ते बघितलं. पिंपळनेरहून आलेल्या एका मुलीची तार पुन्हा पुन्हा तुटत होती आणि ती रडवेली झाली होती. कुंदाबाई तिच्यापाशी वीस मिनिटं थांबल्या. पावडर एकदम ओढू नको, थोडी घे, तिला मुरू दे, मग पुढची घे, एवढंच सांगत राहिल्या. सातव्या वेळी तार आली.

घरी आल्यावर सुपडूने कसं झालं विचारलं. कुंदाबाई पायरीवर बसून चपला काढत होत्या. म्हणाल्या, पोरं हुशार आहेत, पण हाताला फार घाई. उद्या जाताना चाळीस जणांना पुरेल एवढी साखर आणि एक स्टोव्ह बरोबर नेते. आधी पाक करायला लावते, सिमेंट नंतर.